डोक्यावरची विमाने आणि खाडीपलीकडचा विमानतळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरच्या वक्त्या बोलवावयाच्या, त्यांना नारळ द्यावयाचा आणि त्यांनी स्त्रियांच्या प्रगतीवर बोलावयाचे, असा आपला वर्षानुवर्षांचा परिपाठ. यंदा कार्यकारिणीने तो मोडला. घरच्याच बाईने बोलावे, आणि जे तिला शिकवता येते त्यावर बोलावे, असे ठरले. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. तेव्हा खडू, फळा आणि मुंबई-रायगडचा नकाशा मी बरोबर आणला आहे, आणि विषय निवडला आहे तो आपल्या घाटकोपरच्या डोक्यावरून रोज जाणारा. बोलता बोलता मधेच विमान आले तर मी थांबेन. आपणां सर्वांना ती सवय आहेच. फोनवर बोलतानाही आपण "थांब हं, विमान जाऊ दे" असे म्हणतो, आणि पलीकडच्या पुण्याच्या माणसाला त्याचे नवल वाटते.

ही विमाने नेमकी आपल्याच डोक्यावरून का जातात? विमान उतरते आणि चढते ते वाऱ्याच्या तोंडावर. आपल्याकडे वारा बहुतेक काळ समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणून उतरणारी विमाने पूर्वेकडून, ठाण्याची खाडी ओलांडून आपल्यावरून येतात आणि चढणारी पार्ले-जुहूवरून समुद्रावर निघून जातात. उतरण्याचा उतार असतो तीन अंशांचा. एक किलोमीटर पुढे गेले की विमान सुमारे ५२ मीटर खाली आलेले असते. आपले स्टेशन मुख्य धावपट्टीच्या टोकापासून साधारण अडीच-तीन किलोमीटर. गुणाकार करून पाहा, म्हणजे विमान आपल्या गच्चीवरून किती उंचीवर जाते ते समजेल. दीड-पावणेदोनशे मीटर! चाके मोजता येतात ती उगाच नव्हे.

मुंबईचा पहिला विमानतळ जुहूचा, १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन एकटेच विमान चालवीत तेथे उतरले, आणि आपल्या देशाची हवाई टपालसेवा सुरू झाली. पण जुहूची जमीन खोलगट. पावसाळ्यात मैदानाचे तळे होई आणि बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्कराला पक्का तळ हवा झाला, तेव्हा सांताक्रूझची धावपट्टी झाली. युद्ध संपल्यावर तीच नागरी विमानांना मिळाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेले. १९८१ साली सहारची इमारत उभी राहिली, २०१४ साली तिच्या जागी आजची आली. सहार, मरोळ, चकाला, बामणवाडा ही नावे आपण बसच्या पाट्यांवर वाचतो. ही एके काळची भातशेतीची गावे. ती ओळखणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

आता मुख्य अडचण सांगते. (येथे फळ्यावर फुली काढली.) आपल्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. दोन दारे असलेले घर, पण दोन्ही दारे एकाच चिंचोळ्या बोळात उघडणारी. एकातून कोणी बाहेर पडत असेल तर दुसऱ्यातून आत येणाऱ्याने थांबावयाचे. म्हणजे दोन असून वेळेला एकच. २०१८ च्या डिसेंबरात एका दिवसात या विमानतळावर हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. चोवीस तासांची मिनिटे १४४०. म्हणजे रात्रंदिवस, दर दीड मिनिटाच्या आत एक विमान. जगात इतक्या कामाला जुंपलेली एकेरी धावपट्टी क्वचितच सापडेल. आपल्याकडे त्याचा अभिमानाने उल्लेख होतो. मला मात्र त्यात ओढगस्तीच्या संसाराचे कौतुक केल्यासारखे वाटते. १ जुलै २०१९ च्या पावसाळी रात्री एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन चिखलात रुतले. त्यानंतर तीन दिवसांहून अधिक काळ ती धावपट्टी बंद राहिली आणि देशभरच्या विमानांचे वेळापत्रक कोलमडले. धावपट्टी रुंद करावी म्हटले तर सभोवार वस्ती, नवी समांतर घालावी तर जागाच नाही.

आणि २८ जून २०१८ ची दुपार आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. जुहूहून चाचणीसाठी निघालेले एक लहान विमान आपल्या जागृतीनगरात, बांधकाम चालू असलेल्या जागेवर कोसळले. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक असे पाच जीव गेले. त्या चौघांत एक स्त्री वैमानिक होती आणि एक स्त्री अभियंता. मजूर जेवणाच्या सुट्टीवर होते म्हणून अनर्थ टळला. ते विमान सांताक्रूझला नेहमी उतरणाऱ्यांपैकी नव्हते हे खरे. पण त्या दिवसापासून माझ्या शेजारच्या एक आजी विमानाचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला की हातातले काम टाकून खिडकीशी जातात. त्यांना समजावण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

आता ज्यासाठी आपल्यापैकी बऱ्याच जणी आज आल्या आहेत, असा माझा संशय आहे, तो इमारतींच्या उंचीचा प्रश्न.

विमानतळाभोवती अदृश्य छत घातलेले असते असे समजा. धावपट्टीच्या टोकापलीकडे हे छत नसराळ्यासारखे रुंदावत वर चढते, म्हणून त्याला फनेल म्हणतात. त्याचा चढ पन्नासास एक: पन्नास मीटर दूर गेलात की एक मीटर उंची मिळाली. टोकापासून एक किलोमीटरवर जेमतेम एकोणीस-वीस मीटर, म्हणजे सहा मजले. फनेलच्या बाजूला, चार किलोमीटरच्या घेरात, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरांवर सपाट छत असते. या छताला भोक पाडील अशी इमारत नको, म्हणून विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर येथल्या कित्येक जुन्या इमारती याच पायी अडकल्या आहेत. जिने खचले, स्लॅबचे पोपडे पडले, पण वर मजले वाढवता येत नाहीत म्हणून बिल्डर फिरकत नाही.

त्या दाखल्यावरचा आकडा वाचताना एक गोष्ट पाहा, हे मी मुद्दाम सांगते, कारण सोसायटीच्या सभेत पुरुषमंडळीही येथे चुकतात. दाखल्यात लिहिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते, आपल्या फाटकापासूनची नव्हे. समजा दाखल्यावर ५८ मीटर लिहिले आहेत आणि आपली जमीन समुद्रसपाटीपासून १२ मीटर उंच आहे, तर इमारत ४६ मीटरांचीच व्हावयाची. आपल्याकडे टेकड्या पुष्कळ. टेकडीवर राहणाऱ्यांची जमीनच निम्मी उंची खाऊन टाकते. तेव्हा मजल्यांची संख्या ऐकून हुरळून जाण्याआधी जमिनीची उंची विचारा. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि गच्चीवरचा खांबही त्या आकड्यात मोजतात.

"मग खाडीपलीकडे नवा विमानतळ झाला, आता येथली मर्यादा उठेल का?" असे मला गेल्या महिन्यात तिघींनी विचारले. एकीला तर कोणीतरी तसे सांगून संमतीपत्रावर सही मागितली होती. भगिनींनो, नवा विमानतळ हा जुन्याच्या जागी आलेला नाही, जोडीला आला आहे. येथली धावपट्टी चालू आहे तोवर तिचे फनेलही राहणार. त्या आशेवर सही करू नका.

आता खाडी ओलांडू. नकाशात हे पाहा: ही ठाण्याची खाडी, हे पनवेल, आणि या दोहोंच्या मधे उलव्याचा पट्टा. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याची कल्पना मांडली. तिघांत एक बाई होत्या, हे आपण लक्षात ठेवू. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. शहर वाढले. दुसऱ्या विमानतळाचा शोध १९९० नंतरच्या दशकात सुरू झाला आणि रेवस-मांडव्याकडची जागाही पाहिली गेली. शेवटी उलव्याची ठरली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००७ साली तत्त्वतः मान्यता दिली, पर्यावरणाची मंजुरी २०१० साली मिळाली, कोनशिला १८ फेब्रुवारी २०१८ रोजी बसली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. २००७ साली जन्मलेले बाळ तोवर मतदार झाले होते.

सुमारे ११६० हेक्टर जागा, आणि आराखड्यात प्रत्येकी ३७०० मीटरांच्या दोन समांतर धावपट्ट्या. त्यांत अंतर दीड किलोमीटरहून अधिक, म्हणजे एकीवर उतरणाऱ्याने दुसरीवर चढणाऱ्याची वाट पाहावयास नको. पहिला टप्पा एका धावपट्टीचा आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा. सगळे टप्पे झाले की नऊ कोटी. इमारत कमळाच्या आकाराची आहे, आणि ती लंडनच्या झाहा हदीद यांच्या नावे चालणाऱ्या संस्थेने आखली. बाई स्वतः २०१६ साली निवर्तल्या होत्या.

इमारतीचे वर्णन वर्तमानपत्रांत पुष्कळ आले. मला भूगोलाच्या बाईला नवल वाटते ते जमिनीचे. तेथे जमीन अशी नव्हतीच. एका बाजूला नव्वद मीटरांच्या आसपासचा उलव्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला भरतीला बुडणारी खाजण, मधून उलवे नदी, उत्तरेला गाढी नदी, वरून विजेच्या उच्च दाबाच्या तारा. डोंगर सुरुंग लावून फोडला आणि त्याचा दगड खाजणीत पसरून सरासरी पाच-साडेपाच मीटरांचा भराव घातला. उंचवट्याचा खळगा भरावा तसे. तारा हलवल्या, उलवे नदीला नवा पाट काढून वळवले. गाढी मात्र वाचली, आणि ती कशी वाचली ते ऐकण्यासारखे आहे. पहिल्या आराखड्यात दोन धावपट्ट्यांत १८०० मीटर अंतर होते आणि त्यासाठी गाढीही वळवावी लागणार होती. पर्यावरणाच्या मंजुरीच्या वेळी ते अंतर १५५० मीटर केले. अडीचशे मीटरांच्या फरकाने एक नदी जागच्या जागी राहिली! नकाशावरची रेघ किती महाग असते ते यावरून कळावे.

नदीबद्दल मी इतके का बोलते? आपली मिठी नदी सांताक्रूझच्या विमानतळाच्या कुशीतून, वाकड्या वळणांनी, पुलाखालून जाते. २६ जुलै २००५ रोजी त्याच विमानतळाजवळच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुर्ला, कलिना, बैलबाजार या भागांत काय झाले ते आपण पाहिले आहे. विमानतळही पाण्यामुळे बंद पडला होता. उलव्याचा नवा पाट रुंद आणि हिशेबाने काढलेला आहे. पण अमावास्येची भरती आणि अतिवृष्टी एकाच तासाला आली की हिशेबाची खरी परीक्षा होते. पनवेल तालुक्यातल्या सखल गावांतल्या बायांना पावसाळ्यात पाणी पूर्वीपेक्षा चढते की उतरते, हे दर वर्षी कोणीतरी जाऊन विचारले पाहिजे.

आणि गावे. वाघिवली, वाघिवलीवाडा, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वरचे ओवळे. दहा गावे, तीन हजारांवर कुटुंबे, बहुतेक आगरी-कोळी. या पट्ट्याला जमीन देणे नवे नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी जासई-उरणकडे आंदोलन केले, गोळीबार झाला, पाच जण मेले. दि. बा. पाटील त्याचे पुढारी. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, आणि विमानतळासाठी ती साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेली. २०२१ साली दिबांचे नाव विमानतळाला द्यावे म्हणून हजारो माणसांनी रस्त्यावर साखळी धरली, त्यात डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या होत्या. २०२२ साली विधिमंडळाने तसा ठराव केला.

आपल्या मंडळातल्या एका भगिनीचे माहेर या दहापैकी एका गावात होते. त्या येथे बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीने सांगते, नाव घेत नाही.

मोबदल्याचे ठरले तेव्हा दिवाळीनंतर त्यांचे दोघे भाऊ कागद घेऊन आले. हक्कसोडपत्र. त्या तो कागद माझ्याकडे वाचायला घेऊन आल्या. "स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता," असे त्यात छापले होते. मी विचारले, "तुमची खुशी आहे का?" त्या म्हणाल्या, "बाई, सही केली नाही तर भाऊ तुटतील. आणि केली तर उद्या तिकडे माझे म्हणून काय राहील? घर पाडणार, विहीर बुजणार, शेत विमानाखाली जाणार. पूर्वीच्या बायका सही करायच्या, कारण त्यांना चार दिवस जायला माहेर तरी राहायचे."

मी त्यांना कायदा सांगितला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मतःच असतो हे स्पष्ट केले. (हा निकाल नंतरचा, पण आज येथे बसलेल्यांनी तो लक्षात ठेवावा.) करावे काय ते मात्र मी सांगितले नाही. भाऊ त्यांचे होते. त्यांनी सही केली नाही. भांडणही केले नाही. किती जमीन, कोणाच्या नावे, किती भूखंड परत मिळणार, एवढा हिशेब त्यांनी मागितला. दोन वर्षे भाऊबिजेला त्यांच्याकडे कोणी आले नाही. तिसऱ्या वर्षी धाकटी वहिनी एकटीच आली. तिचेही माहेर शेजारच्याच गावात, तेही त्याच यादीत. तिने आपल्या भावांना पहिल्याच दिवशी सही देऊन टाकली होती. "वन्सं, मी केले ते तुम्ही करू नका," असे ती म्हणाली, आणि नवऱ्याशी काय बोलायचे ते तिने बोलून घेतले. शेवटी नव्या भूखंडावरच्या इमारतीत एका गाळ्यात चार आणे हिस्सा आपल्या भगिनीच्या नावे चढला. भाड्यातून थोडे पैसे येतात. मोठा भाऊ अजून मोजकेच बोलतो.

मोबदल्याच्या यादीत आणखी एक गोष्ट येत नाही. सातबाऱ्यावर जमीन असते, खाजण नसते. ओहोटीला चिखलात उतरून कालवे, निवट्या, खेकडे धरणाऱ्या बायका होत्या. नवरा शेतावर आणि ही खाडीत, असा कित्येक घरांचा चरितार्थ. नवऱ्याच्या शेताचा उतारा होता, हिच्या खाडीचा कोठे असणार? ज्याला कागद नाही ते गेले याची नोंद होत नाही. आपल्या फाटकाशी खेकडे घेऊन येणारी बाई बरीच वर्षे दिसत नाही, असे परवा कोणीतरी म्हणाले. ती कोणत्या गावची होती हे आपण कधी विचारले नव्हते.

मी विमानतळाच्या विरुद्ध नाही. शहर वाढले, धावपट्टी एकेरी, दुसरी हवीच होती. आणि आपल्या डोक्यावरचा भार त्यामुळे थोडा तरी हलका झाला तर मी रात्री अधिक झोपेन. पण ती झोप कोणाच्या घरावरून आली ते मला माहीत असावे, इतकेच.

व्यवहाराचे दोन शब्द. आता एका शहराला दोन विमानतळ झाले आहेत, तेव्हा तिकिटावरची अक्षरे वाचा. बी-ओ-एम म्हणजे सांताक्रूझ-सहार आणि एन-एम-आय म्हणजे नवी मुंबई. नातू अमेरिकेहून एकीकडे उतरला आणि आजी हार घेऊन दुसरीकडे उभी, असे व्हायचे. घाटकोपरकरांना मानखुर्द-वाशीमार्गे आणि मुलुंडकरांना ऐरोलीच्या पुलावरून नवा विमानतळ गाठता येतो. दक्षिण मुंबईकरांना १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू आहे. अंधेरी-बोरिवलीच्या नातेवाइकांना तो आडवळणीच पडेल. त्यांनी आपल्याला नावे ठेवू नयेत, आपण इतकी वर्षे त्यांच्याकडे विमान धरायला गेलो आहोत.

मंडळाची यंदाची सहल तिकडेच न्यावी असे कार्यकारिणीने ठरवले आहे. आपल्या त्या भगिनी बरोबर येणार आहेत. घर कोठे होते ते दाखवाल का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "प्रयत्न करीन. पूर्वी गाडीतून डोंगर दिसला की त्याच्या उजव्या अंगाला आमचे गाव, असे मी मुलांना सांगायची. आता डोंगरच नाही, तर कशावरून सांगू?" मी जुना नकाशा घेऊन येणार आहे, त्यात डोंगर आहे, नदीचे जुने वळण आहे आणि दहाही गावे आहेत. तो धरून शोधू. नावे चिटणीसबाईंकडे या आठवड्यात द्यावीत, आणि डबा घरून आणावा. विमानतळावरच्या चहाचा दर माझ्या कानांवर आला आहे.